‘बाबा असे कोणी नव्हतेच’ म्हणालो आणि आई गप्प झाली

वाचकाचं पत्र:

मी २७ वर्षांचा. फोंडा तालुक्यात राहतो, वेर्ण्याला नोकरीला जातो. पुढच्या महिन्यात बाबांना जाऊन वर्ष होईल. ते गेल्यावर तीन महिने मला झोप नव्हती. मित्राच्या सांगण्यावरून दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला गेलो आणि खरंच सावरलो. तेव्हापासून बौद्ध तत्त्वज्ञान वाचतोय. अनात्म (कायमचा आत्मा नाही), क्षणिकत्व (सगळं क्षणोक्षणी बदलतं), पंचस्कंध (माणूस म्हणजे शरीर-मनाच्या पाच घटकांचा समूह), सगळं पटलं. आई वर्षश्राद्धाची यादी करायला बसली तेव्हा मी म्हणालो, “आत्मा नसतोच. ज्याला आपण बाबा म्हणत होतो ती नुसती बदलत जाणारी प्रक्रिया होती. बाबा असे कोणी नव्हतेच. मग पिंड कोणाला?” आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मागीर हांव कोणावांगडा रावलें इतलीं वर्सां?” (मग मी इतकी वर्षं राहिले कोणाबरोबर?) त्या दिवसापासून ती माझ्याशी जेवणापुरतं बोलते. रोज सकाळी सोप्यावर बाबांच्या खुर्चीत पेपर ठेवायची, तेही तिनं बंद केलं. आमचं घर कवळे मठाचं, आईचं माहेर पर्तगाळ मठाचं. मी चुकीचं बोललो का? आणि मनातून मानत नसताना श्राद्धाला बसणं हे ढोंग नाही का?

उत्तर:

तुला ‘तू’ म्हणते. माझा धाकटा तुझ्याहून मोठा आहे.

उद्या सकाळी पेपर आला की तो उचल आणि खुर्चीत ठेव. आईला काही सांगू नकोस, माफीबिफी मागू नकोस. हे पत्र मग सावकाश वाच.

चुकीचं बोललास का? बुद्धाचं नाव घेऊन बोलला असशील तर हो, चुकलास. आईची दया येऊन हे म्हणत नाही. पाली ग्रंथच तुझ्या बाजूला उभे राहत नाहीत.

संयुत्त निकाय या पाली ग्रंथात एक अगदी छोटं सुत्त, म्हणजे बुद्धाचा संवाद, आहे. वच्छगोत्त नावाचा परिव्राजक बुद्धाकडे येतो आणि विचारतो, “गोतमा, आत्मा आहे का?” बुद्ध गप्प. “मग आत्मा नाही का?” बुद्ध पुन्हा गप्प. वच्छगोत्त उठून निघून जातो. बुद्धाचा शिष्य आनंद बुचकळ्यात पडतो. तो विचारतो, उत्तर का दिलं नाहीत? बुद्ध सांगतो ते असं: ‘आहे’ म्हटलं असतं तर आत्मा कायम टिकतो म्हणणाऱ्या शाश्वतवाद्यांच्या पंगतीला बसलो असतो, ‘नाही’ म्हटलं असतं तर मेल्यावर सगळं संपतं म्हणणाऱ्या उच्छेदवाद्यांच्या. आणि मग असं काही म्हणतो, जे तुझ्या शिबिरातल्या वहीत बहुधा उतरलेलं नाही. वच्छगोत्त आधीच गोंधळलेला होता, ‘नाही’ ऐकून तो आणखी मोहात पडला असता; त्याला वाटलं असतं, माझा आत्मा आधी होता, तो आता राहिला नाही.

हे वाक्य दोनदा वाच आणि आईचा चेहरा आठव. तिनं नेमकं हेच ऐकलं. तू म्हणालास स्कंध, प्रवाह, प्रज्ञप्ती (नुसतं सोयीचं नाव). तिच्या कानावर पडलं ते एवढंच की होते ते गेले, आणि आता मुलगा म्हणतो की होतेही नाहीत.

तू म्हणशील, बुद्ध एरवी स्पष्ट बोलायचा की. बोलायचा, आणि कसा! साती नावाचा भिक्षू होता, कोळ्याचा मुलगा. तो सांगत सुटला की हेच विज्ञान, म्हणजे जाणीव, जसंच्या तसं, या जन्मातून त्या जन्मात फिरतं. त्याला बुद्धानं सगळ्या भिक्षूंसमोर ‘मोघपुरुष’, म्हणजे फुकट माणूस, म्हणून झाडलं आहे. पण साती दीक्षा घेतलेला होता, गुरूच्या नावानं चुकीचं शिकवत होता. वच्छगोत्त नुसता विचारायला आला होता. एकच सिद्धान्त, एकाला खडसावणी, दुसऱ्याला मौन. आणि तुझ्या आईनं तर विचारलंही नव्हतं रे. ती काळे तीळ नि दर्भ लिहीत होती.

बौद्ध आचार्य नागार्जुनाच्या मूळमध्यमककारिकेतलं अठरावं प्रकरण काढ. तिथं तो म्हणतो, बुद्धांनी ‘आत्मा’ असंही सांगितलं, ‘अनात्मा’ असंही शिकवलं, आणि आत्मा नाही नि अनात्माही नाही असंही शिकवलं. माझ्या महाविद्यालयातल्या मुलांना हा श्लोक पळवाटेसारखा वाटायचा. मी त्यांना विचारायची, तुमच्या घरी ताप आलेल्याला आणि बद्धकोष्ठ झालेल्याला वैद्य एकच काढा देतो का? उपमा काही फार उच्च दर्जाची नाही, पण मुलांच्या लक्षात राहायची.

आता माझ्या आवडीच्या जागेकडे येते. तुझ्यासारखाच गोंधळ उपनिषदात एका नवऱ्यानं बायकोसमोर घातलेला आहे. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य घर सोडून निघाला आहे, मैत्रेयीनं अमृतत्वाचं विचारलं म्हणून तो सांगत बसतो. मिठाचा खडा पाण्यात टाकला तर विरघळून जातो, मग तो खडा म्हणून वेचून काढता येत नाही, पण पाणी कुठूनही घ्या, खारटच. (आपल्याकडची मिठागरं पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावावं लागत नाही.) आणि मग म्हणतो, “न प्रेत्य संज्ञास्ति”. गेल्यावर संज्ञा, म्हणजे जाणीव, उरत नाही. हे वाक्य तुझ्या शिबिरातलं नव्हे, आपल्या घरातल्या पोथीतलं आहे. यावर मैत्रेयी काय म्हणते? “अत्रैव मा भगवानमूमुहत्.” इथंच तुम्ही मला मोहात पाडलंत.

पालीत सम्मोह, उपनिषदात मोह. दोन्हीकडे शब्द तोच, आणि धोकाही तोच ओळखलेला. मला हे फार लोभस वाटतं. हजार ठिकाणी एकमेकांशी भांडणाऱ्या दोन परंपरांना हे मात्र ठाऊक होतं की ‘नाही’ हा शब्द ऐकणाऱ्याच्या छातीवर धोंड्यासारखा पडू शकतो. फरक पुढे आहे. याज्ञवल्क्याला निघायची घाई होती, तरी तो थांबला. मी मोहात पाडणारं बोलत नाही गं, म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितलं. तू कुठं निघाला होतास? आईनं प्रश्न विचारला आणि तू उत्तर न देता उठलास, असं तुझ्या पत्रावरून दिसतं.

आणि तो प्रश्न साधा नव्हता. “मागीर हांव कोणावांगडा रावलें इतलीं वर्सां?” तुला तो रडवेला वाटला असेल. माझ्या कानाला तो न्यायसूत्रांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथाच्या, तिसऱ्या अध्यायासारखा ऐकू आला. तिथलं पहिलंच सूत्र आहे, “दर्शनस्पर्शनाभ्यामेकार्थग्रहणात्”. जी वस्तू मी डोळ्यांनी पाहिली तीच मी आता हातानं शिवते आहे, हे मला कळतं. म्हणजे पाहणारा आणि शिवणारा एकच कोणीतरी असला पाहिजे, नाहीतर ‘तीच’ हा शब्द येईल कुठून? कालची मी आणि आजची मी जर दोन वेगवेगळ्या, तर कालचं आजच्या मला कसं आठवतं? दुसऱ्यानं पाहिलेलं आपल्याला आठवत नसतं. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, हाच मुद्दा धरून बौद्धांशी शेकडो वर्षं झुंज दिली. बौद्ध म्हणत, दिव्याची ज्योत रात्रभर तीच वाटते, पण क्षणाक्षणाला नवी असते, सारखेपणामुळे एकपणाचा भास होतो. नैयायिक विचारत, ठीक, पण सारखेपणा पाहायला दोन्ही ज्योती पाहणारा एक कोणी नको का? उदयनाचार्यांनी तर या वादावर अख्खा ग्रंथ लिहिला, आत्मतत्त्वविवेक. त्याचं दुसरं नाव बौद्धधिक्कार, म्हणजे आवाज किती चढला होता बघ.

तेव्हा आई हरली नव्हती त्या दिवशी. उत्तर तुझ्याकडून यायचं राहिलंय.

एक मात्र सांगते, नाहीतर तुला वाटेल आत्मा मानला की सगळं गोड होतं. मी स्वतः ते पाप केलं आहे. माझी मावशी गेली तेव्हा काकांना धीर द्यायला म्हणून मी गीतेतलं “नैनं छिन्दन्ति शस्त्राणि” सुरू केलं, अगदी चालीत. काका शांतपणे उठले आणि विहिरीवरचा पंप बघायला गेले. पंपाला काही झालं नव्हतं. त्यांना शस्त्रांनी न तुटणारं काही नको होतं. चहात आलं कमी पडलं की ओरडणारी बायको हवी होती. नैयायिकांचा आत्मा घ्यायचा तर मुक्तीत त्याला सुख नाही, ज्ञान नाही, इच्छा नाही. असला दगडासारखा मोक्ष कोणाला हवा, अशी थट्टा जुन्या काव्यातही आहे. तेव्हा ‘हिंदू आत्मा मानतात म्हणून त्यांना दिलासा, बौद्ध मानत नाहीत म्हणून ते कोरडे’ ही विभागणी शाळेच्या निबंधापुरती ठेव.

तुझ्या घरातच बघ. तुम्ही कवळे मठाचे, म्हणजे परंपरेनं गौडपादाचार्यांचे, शंकराचार्यांच्या गुरूंच्या गुरूंचे. त्यांच्या मांडूक्यकारिका कधी उघडल्यास? २१५ श्लोक आहेत. दुसऱ्या प्रकरणात सरळ लिहिलंय, “न निरोधो न चोत्पत्तिः”. नाश नाही, उत्पत्ती नाही, बद्ध नाही, साधक नाही, मुमुक्षू नाही, मुक्तही नाही, परमार्थ हा. शंभर श्लोकांचं शेवटचं प्रकरण अलातशांती. अलात म्हणजे कोलीत. पेटतं कोलीत अंधारात गरगर फिरवलं की आगीचं चक्र दिसतं, चक्र कुठंच नसतं. त्या प्रकरणाची भाषा इतकी बौद्ध आहे की अभ्यासक अजून वाद घालतात. अगदी शेवटी आचार्य म्हणतात, “नैतद् बुद्धेन भाषितम्”, हे बुद्धानं सांगितलेलं नाही. कोणी नाव घेतल्याशिवाय असं कोण म्हणतं? विरोधकांनी अद्वैत्यांना ‘प्रच्छन्न बौद्ध’, म्हणजे छुपे बौद्ध, उगाच म्हटलं नाही.

म्हणजे तू जी बंडखोरी समजून घरात आणलीस ती तुझ्या बाबांच्या गुरुपरंपरेत आधीपासून बसलेली आहे. बाबा कोणी वेगळे असे जन्मलेच नाहीत, हे कवळ्याच्या परंपरेतही म्हणता येतं. तरी त्या मठाच्या शिष्यांच्या घरोघरी श्राद्धं होतात, आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. परमार्थ एक, व्यवहार एक, आणि व्यवहाराच्या जिन्यावरूनच वर जायचं. हे तर नागार्जुनही म्हणतो: व्यवहाराचा आधार घेतल्याशिवाय परमार्थ शिकवता येत नाही.

आई मात्र पर्तगाळची. मध्वाचार्यांचं द्वैत. तिथं भेद खरा. जीव-ईश्वर, जीव-जीव, जीव-जड, ईश्वर-जड, जड-जड, असे पाच भेद, आणि ते मोक्षातही पुसले जात नाहीत. तिच्या माहेरच्या हिशेबानं तुझे बाबा वैकुंठातही तुझे बाबाच, दुसरे कोणी नव्हेत. ही शिकवण तिनं ग्रंथ वाचून घेतली नसेल. आजोळी एकादशीला उपाशी राहताना आपोआप मुरली असेल. लग्न करून ती अद्वैताच्या घरात आली, इतकी वर्षं कोणी तिला म्हणालं नाही की तुझा नवरा हा भास आहे. तू पहिला. तेही तिसऱ्याच दुकानातून माल आणून.

आता श्राद्ध. “मग पिंड कोणाला?” हा प्रश्न बुद्धाचा आहे असं तुला वाटतंय. तो चार्वाकाचा आहे. सर्वदर्शनसंग्रहात त्याचा टोमणा दिलाय: मेलेल्यांना श्राद्धानं तृप्ती होत असेल तर प्रवासाला निघालेल्यांना शिदोरी कशाला बांधून देता, घरी वाढलं की झालं. टोमणा झकास आहे, मला आवडतो. फक्त खाली सही भलत्याची नको.

बुद्धाला हाच प्रश्न एका ब्राह्मणानं विचारला होता. अंगुत्तर निकायात जाणुस्सोणी म्हणतो, आम्ही ब्राह्मण, श्राद्धं करतो, हे आमच्या गेलेल्या नातलगांना पोचतं का? बुद्ध हसत नाही, टोमणाही मारत नाही. तो म्हणतो, पोचतं, पण योग्य ठिकाणी असेल त्यालाच. देवलोकात गेला, माणूस झाला, पशू झाला, नरकात गेला, तर त्या त्या जागेचं अन्न त्याला मिळतं. प्रेतलोकात असेल तर तुमचं दिलेलं पोचतं. आणि ज्याच्या नावानं दिलं तो तिथं नसेल तर? तर तिथं असलेल्या दुसऱ्या नातलगांना. तेही नसतील तर? बुद्ध म्हणतो, इतक्या लांबलचक काळात ती जागा तुझ्या नातलगांनी रिकामी असणं शक्य नाही. आणि देणाराही काही रिकाम्या हाती राहत नाही. हे वाचून मला आपल्याकडचा म्हाळ, पितृपक्षातलं श्राद्ध, आठवतो. ज्याच्या नावानं पान मांडलं तो येवो न येवो, पंगत उठेपर्यंत कोणी ना कोणी आप्त जेवून गेलेला असतो.

आत्मा नाही तर पोचतं कोणाला, हे कोडं तरीही उरतंच. त्यावर मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात, मिलिंद राजाशी झालेल्या संवादात, नागसेन भिक्षूचं उत्तर आहे, आणि ते आंब्याचं असल्यामुळे गोव्यात समजायला सोपं. एकानं दुसऱ्याचे आंबे चोरले. राजासमोर म्हणाला, यानं लावली ती कोय वेगळी, मी तोडले ते आंबे वेगळे, मी याचं काही घेतलेलं नाही. मिलिंद राजा म्हणतो, तरी शिक्षा होणारच, कारण हे आंबे त्या कोयीवाचून आले नाहीत. नागसेनानं मानकुराद चाखला नसणार, नाहीतर शिक्षा अजून वाढवली असती. मुद्दा लक्षात घे. तेच नाही, पण वेगळंही नाही. ‘कोणी नव्हतेच’ हे नागसेनाचं म्हणणं नव्हे. ते त्या चोराचं म्हणणं आहे.

आणि एकदा श्राद्धाचा संकल्प नीट ऐक. भटजी भराभर म्हणतात म्हणून आपण ऐकत नाही. वडिलांचं नाव, गोत्र, आणि पुढे ‘वसुरूप’. आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. पिंड तीनच. तुझा मुलगा कधी बसला तर तुझे बाबा रुद्र होतील, नातू बसला की आदित्य, आणि त्यानंतर त्यांच्या नावाचा पिंड नाही. गेल्या वर्षी सपिंडी झाली असेल तर तेव्हाच त्यांचा पिंड तुझ्या आजोबा-पणजोबांच्या पिंडात मिसळला गेला. ज्या विधीला तू आत्म्याच्या भोळ्या समजुतीवर उभा आहे म्हणतोस, तो प्रत्यक्षात माणसाचं नाव हळूहळू सोडवत नेतो. दहा दिवसांत नव्हे, तीन पिढ्यांत. इतक्या सावकाशीनं अनित्यता शिकवणारं दुसरं काही मला माहीत नाही.

म्हणून ढोंगाचा प्रश्न मला फारसा अवघड वाटत नाही. तू बस. ‘वसुरूप’ म्हणताना तुला जे समजलंय ते समजून म्हण. कोणी तुझ्याकडून प्रतिज्ञापत्र लिहून घेत नाही. पण बसल्यावर चेहऱ्यावर ‘आईसाठी करतोय’ असं लिहून बसणार असशील, तर बसू नकोस. तिला आजच सांग, म्हणजे ती चुलत्यांना विचारेल. आदल्या रात्री सांगशील तर मी तुला कधीच माफ करणार नाही, आणि ती करेल, हे जास्त वाईट.

वाचन सोडू नकोस. आपल्या सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींना १८९९ साली घर सोडावं लागलं, १९०२ मध्ये थेट सिलोनला पोचले तेव्हा पाली नीट शिकायला मिळालं. मागे बायको आणि लहान मुलगी होती. त्यांनी पाहिलेलं सगळं मग साध्या मराठीत आणून ठेवलं, तेव्हा तुला मात्र सोप्यावर बसून वाचता येतं. फक्त वाचलेलं लगेच स्वयंपाकघरात नेऊन कोणाला ऐकवू नकोस.

शिबिरानं तुला झोप दिली, ही लहान गोष्ट नव्हे. ती आईला सांगितलीस का कधी? सिद्धान्त नव्हे, झोप. तीन महिने तू रात्री जागा होतास हे तिला माहीत तरी आहे का?

आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर तू देऊ नकोस, ते तुझ्याजवळ नाही. तिलाच विचार: “आई, सांग म्हाका, कशीं रावलीं तुमी?” (आई, सांग मला, कसे राहिलात तुम्ही?) मग ती भाताच्या पेजेपासून सुरुवात करो की लग्नात हरवलेल्या छत्रीपासून, मध्ये बोलू नकोस. वर्षश्राद्धाला महिना आहे, वेळ पुरेल. यादीतलं सामान आणायला मात्र तूच जा. तीळ काळे घ्यायचे, पांढरे नव्हेत.